शिवकन्याची नळी

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार
नमुने नष्ट करायला आजपासून सुरुवात. चिटगुप्प्याकडच्या बाळंतिणींच्या रक्ताचा आमचा अभ्यास संपला. उरलेलं रक्त ठेवणार नाही, असं तेव्हाच प्रत्येकीला लिहून दिलेलं. माझा सहकारी संकर्षण यादीतला नंबर वाचतो, मी नळीवरचा ताडून फोटो काढते, मग नळी वाफेच्या यंत्रात. त्याचा वाचायचा सूर असा, की माझ्या तोंडून निघालंच — हजर! दोघंही हसलो. मग उगाच वाईट वाटलं. गुणाच्या बाया. ऐन बाळंतपणात हात पुढे केलेले.

५ नोव्हेंबर
दिवसभर फ्रीझर. बोटं बधिर. लिहवत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज सोजराबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आल्या, चिटगुप्प्याजवळच्या खेड्यातून. नमुने नष्ट करतोय म्हणून आम्ही घरोघर पाठवलेलं पत्र हातात. लेक शिवकन्या दोन वर्षांखाली काविळीनं गेली. तिचं रक्त इथं आहे, हे पत्र आल्यावरच कळलं त्यांना. एकदा बघू द्या म्हणाल्या.

सुधींद्र सर, आमचे प्रमुख, आधी नको म्हणाले. मग स्वतःच खुर्ची ओढून दिली, चहा सांगितला.

मी कॉम्प्युटरवर शिवकन्या शोधलं, नळी काढून आणली. सोजराबाईंना हातमोजे घातले — बोटं इतकी राठ, मोजा चढेना. नळी ओंजळीत धरून बसल्या.

"किती गार पडलीस गं माय," एवढंच बोलल्या.

वरचा बर्फ विरेपर्यंत सोडली नाही. मग पदरानं पुसून माझ्याकडे दिली. संकर्षणनं नंबर अगदी हळू वाचला.

जाताना सोजराबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. घरी उकडल्या. आईला सांगता सांगता रडू आलं. ही नोकरी किती कोरडी वाटायची मला!

८ नोव्हेंबर
डब्यात शेंगा नेल्या. सरांनी मूठभर खिशात घातल्या, कुणी बघत नाही असं समजून.

१० नोव्हेंबर, सोमवार
खालच्या कप्प्यात एक नळी निघाली. नोंद उघडली — शिवकन्या. आईचं नाव सोजराबाई.

मग गुरुवारची कोण? तीही शिवकन्याच, पण पलीकडच्या गावची. नाव दिसलं आणि काढली मी. गाव बघितलंच नाही. कामून नाही बघितलं?

सरांना सांगितलं. म्हणाले, दोन्ही नष्टच व्हायच्या होत्या, नियमात काही बिघडलं नाही. मग चष्मा काढून बसले. "बाई शांत होऊन गेल्यात, प्रणिता. राहू दे." त्यांच्या पोटात माया आहे म्हणूनच म्हणाले, कळतं मला. संकर्षणनं मात्र आजची नळी यंत्राकडे नेली नाही, परत कप्प्यात ठेवली.

जेवण गेलं नाही. सांगितलं तर सोजराबाईंचा निरोप मोडेल. नाही सांगितलं तर त्यांची लेक इथं, आणि त्यांना ठाऊकच नाही.

११ नोव्हेंबर
फोन केला. सगळं सांगितलं. चूक माझी, हेही. पलीकडे त्यांनी कोंबड्या हाकलल्या.

मग म्हणाल्या, "तीबी कुनाची तरी लेकच की, बाळा. माझीला ऱ्हाऊ द्या तवर. यायले मी."