रिकाम्या पाळण्याला ओ

३ मार्च, कुरुंदा
काल आलो. शिवशंकरची पाटबंधारे खात्यात इकडे बदली झाली, तेव्हा पुण्यातील माझ्या सहकाऱ्यांनी सांत्वनाचे चेहरे केले. बालविकासात डॉक्टरेट मिळवलेल्या बाईने स्वतःचे मूल स्वतः वाढवणे हेही संशोधनच आहे, असे मी त्यांना सांगून आले. घर अपेक्षेपेक्षा चांगले निघाले: नवे बांधकाम, तीन प्रशस्त खोल्या, फरशी गुळगुळीत पण निसरडी नाही. अंगणात घरमालकीण द्वारकाबाईंचे हळदीचे वाळवण आहे, आणि शिजलेल्या हळदीचा मातकट वास दिवसभर खोल्यांतून फिरतो. नंदिनीला तो आवडलेला दिसतो. तेरा महिन्यांची ही मुलगी आधाराशिवाय पाच-सहा पावले टाकते, ‘आई’ आणि ‘बाबा’ म्हणते, पाण्याला ‘बू’ म्हणते. आता प्रतीक्षा आहे ती दोन शब्द जोडून बोलण्याची. ती वयाच्या मानाने पुढे आहे, आणि त्याचे श्रेय केवळ नम्रतेपोटी नाकारण्याचे मला कारण दिसत नाही.

मधल्या खोलीत द्वारकाबाईंचा सागवानी पाळणा टांगलेला आहे. वापरा, रिकामा ठेवू नका, असे त्या आवर्जून सांगून गेल्या. नंदिनीला तो लहान पडेल. तरीही कड्या भार पेलतात का हे पाहण्यासाठी मी त्याला रिकामाच चांगले दोन-चार झोके दिले. द्वारकाबाई अंगणातून धावत आल्या आणि त्यांनी पाळणा दोन्ही हातांनी धरून थांबवला. रिकामा पाळणा हलवू नये म्हणे. कारण विचारले, तर तोंड फिरवून हळद परतायला निघून गेल्या. ज्या नियमांना कारण नसते, त्यांची मला गंमत वाटते.

६ मार्च
इथल्या संगोपनाविषयी न लिहिलेलेच बरे. समोरच्या घरात वर्षाच्या पोराला चहात बुडवलेले बिस्किट भरवतात आणि हातात मोबाइल देतात. द्वारकाबाई नंदिनीच्या गालाला तीट लावून गेल्या, मी पुसली. माझे तत्त्व एकच आहे, आणि पुण्यात शेकडो आयांना मी ते शिकवले आहे: बाळाच्या प्रत्येक आवाजाला उत्तर द्या. पोळी लाटत असा की दुसऱ्या खोलीत असा, ते हुंकारले की हुंकारा. उत्तर मिळाले की बोलणे फुलते, न मिळाले की विझते. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “मॅडम, तुमी तर लेकराच्या ढेकरालाबी ओ देऊन राहिल्या.”

मीही हसले.

१० मार्च
दात येत आहेत. कोणालाच पुरेशी झोप नाही. नंदिनीने खिचडीची वाटी पुन्हा भिंतीवर उलटी केली, तेव्हा माझा आवाज चढला. इतर आयांना मी हे माफ करत नाही.

दुपारी ती मधल्या खोलीत झोपली होती आणि मी ओट्याशी कणीक भिजवत होते. आतून ‘अऽगू’ असा आवाज आला. मीही ‘अऽगू’ म्हटले. पुन्हा आला, पुन्हा म्हटले. आमचे असे बराच वेळ चालले. मग ध्यानात आले, की हा दीड महिन्याच्या बाळाचा हुंकार आहे. नंदिनीने तो केव्हाच मागे टाकला. जाऊन पाहिले, तर ती गादीवर गाढ झोपेत, अंगठा तोंडात. पाळणा किंचित हलत होता. पंख्याचा वारा असावा.

१४ मार्च
आवाज रोज दुपारी येतो. नंदिनी झोपेत बोलत असेल असे धरून मी रोज उत्तर दिले. आता तो हुंकार राहिलेला नाही. ‘बा-बा-बा’, ‘दा-दा-दा’: ही आठव्या महिन्याची बडबड आहे. चार दिवसांत. क्षणभर मनात जे उमटले ते भय नव्हते, कौतुक होते.

नंदिनी आज चालली नाही. उभी राहिली आणि पाय विसरल्यासारखी खाली बसली. ‘बू’ म्हणाली नाही, माठाकडे नुसते बोट दाखवले. शिवशंकरच्या मते दात येताना मुले जरा मागे पडतातच. शिवाय घरात आज किती शांत वाटते, असेही तो म्हणाला.

१८ मार्च
द्वारकाबाईंना सरळ विचारले. त्या हळदीच्या ढिगाशी बसल्या. मग बोलल्या. त्यांच्या दोन मुलांच्या मधले एक लेकरू त्या पाळण्यातच गेले. सव्वा महिन्याचे होते, नुकते हुंकारू लागले होते. पाळणा भरलेला असला की ते निजून राहते, म्हणून त्यांनी तो मला दिला.

“त्याचं बोलायचं राहून गेलतं, पोरी. इतकी सालं कुणी ओ दिली न्हाई म्हणून गप होतं. तू काहून दिली?”

घरी येऊन पाळणा उतरवला आणि अंगणात नेऊन ठेवला.

१९ मार्च
पाळणा काढायला नको होता. आता ते जमिनीवर आहे.

तळहात, गुडघा, तळहात, गुडघा. फरशीवरचा हा आवाज मी शेकडो घरांत ऐकला आहे. रांगणे. निर्दोष रांगणे. खोलीत कोणी दिसत नाही.

नंदिनी बसवली की कलंडते.

२१ मार्च
नांदेडला बालरोगतज्ज्ञांना दाखवले. कान, डोळे, वजन, सारे उत्तम. रात्र तिथेच नातेवाइकांकडे काढली. घरापासून दूर ती सावरेल असे वाटले होते. ती मानही धरेनाशी झाली. तिचे चालणे, तिचे ‘बू’, सगळे त्या मधल्या खोलीत राहिले आहे. ते मागे टाकून तिला कुठे नेऊ? परत आलो.

शिवशंकर बदली रद्द करून घ्यायला संभाजीनगरला गेला. द्वारकाबाई म्हणतात, एकच उपाय आहे: ओ देऊ नकोस. ते दमेल, आणि घेतलेले टाकून जाईल.

२२ मार्च
एक शब्दही बोलले नाही. नंदिनीशीसुद्धा नाही. माझा आवाज कोणाकडे जाईल, सांगता येत नाही.

दुपारभर ते रडले. भुकेल्या बाळाचे रडणे. दात आवळून बसले होते, आणि पान्हा फुटला. ब्लाउज भिजला. तोंडाने नाही, पण अंगाने ओ —

रडणे थांबले. तृप्त झाल्यासारखे.

२३ मार्च
पावले.

पाच-सहा. थांबली. पुन्हा. फरशीवर हळदीचे पिवळे ठसे, डावा पाय किंचित आत वळलेला. ही नंदिनीची चाल आहे.

माठापाशी — ‘बू.’

मांडीवरची माझ्याकडे पाहत नाही. छताकडे पाहते. दीड महिन्याचे मूल निदान हसते. ही —

२४ मार्च, दुपार
शिवशंकर निघाला आहे. संध्याकाळी पोचेल. तोवर गप्प राहायचे. फक्त तोवर.

दाराबाहेर उभे आहे. खालच्या फटीत बोटे दिसतात. लहान. पिवळी.

‘आई.’

तिचाच आवाज. शेवटी किंचित वर जाणारा. मांडीवरचे ओठ मिटलेले आहेत.

जे चालते, बोलते, मला ओळखते, ते दारात. जे काहीच करत नाही, ते मांडीवर. यातले माझे कुठले — आजवर मी मुले कशावरून ओळखत आले —

मांडीवरचीने माझे बोट धरले आहे. घट्ट. पण तसे तर नवजात मूलही धरते, त्यात ओळख नसते, मीच शिकवत आले, त्याला अर्थ नस—

‘आई.’

तोंड दाबायला हात हवा. बोट सोडवून घेते आहे. किती घट्ट —

सुटले.

‘आई, बू.’

दोन शब्द. जोडून.

ओ बाळ, आणते, आले मी, आ