आठवा पडदा

१ फेब्रुवारी १९६५, सोमवार. सकाळी ७.
विमलाला गणित शिकवायचं ठरलं. विमला म्हणजे मागच्या खोलीतली भाडेकरीण, मालवणकडची, प्रसूतिगृहात आया. सातवी पास झाली तर मिडवाइफच्या कोर्सला घेतील. वयामुळे यंदाचीच संधी. बाकी विषय तयार आहेत, गणितात दोनदा गेली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, टेलिफोन ऑफिसातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेली बाई शेजारी असताना नापास होते म्हणजे काय?
संकल्प: रोज एक तास. ओरडायचं नाही. ‘ढ’ म्हणायचं नाही.

२ फेब्रुवारी.
‘ढ’ दोनदा. कारण होतं.

८ फेब्रुवारी.
मीटर आणि किलो हे सरकारचं नवं खूळ. माझी रीत सरळ आहे. आधी मीटरचे इंच करायचे, किलोचे पौंड. मग स्टेप बाय स्टेप गणित. शेवटी परत मीटर, किलो. मध्ये थोडं उरलं तर सोडून द्यायचं. शाळेत आमच्या सिस्टर कॉन्सेप्टा म्हणायच्या, अपूर्णांकांनी वही घाण होते. माझ्या वहीवर त्यांनी कधी लाल रेघ मारली नाही. मारली असेल तर मला आठवत नाही.
विमला पदराआड आणखी काहीतरी लिहिते. लाजत असेल.

२० फेब्रुवारी.
पुस्तकात मागे छापलेली उत्तरं माझ्या उत्तरांशी जुळत नाहीत. आतापर्यंत चार चुका सापडल्या. असली पुस्तकं लोकांच्या हाती देतात. यादी करते आहे.

६ मार्च, शनिवार.
चर्चच्या पॅरिश हॉलच्या आठ खिडक्यांचे पडदे फादर गिल्बर्टनी माझ्यावर सोपवले. दुसरं कोण आहे म्हणा. विमला परीक्षेनंतर शिवून देणार. एका पडद्याला सव्वादोन मीटर. विमलाला म्हटलं, हेच आजचं गणित, सोडव. तिनं पापणीसुद्धा न लवता सांगितलं, सव्वादोन आठे अठरा. खेडेगावातले पाढे. स्टेप एकही नाही. मी करून दाखवलं:
एका मीटरचे ३९ इंच, दोहोंचे ७८. पाव मीटरचे नऊ आणि थोडं. थोडं सोडलं. ८७ इंच.
८७ गुणिले ८, ६९६ इंच.
भागिले ३९, सतरा मीटर, उरले ३३ इंच.
इंचाचे अडीच सेंटीमीटर धरून ३३ इंचांचे ८२ सेंटीमीटर आणि थोडं. तेही सोडलं.
उत्तर: १७ मीटर ८२ सेंटीमीटर.
विमलानं सगळं वहीत उतरवून घेतलं. समजलं असावं.

८ मार्च.
कापडवाला नंदकिशोर म्हणाला, बाई, अठरा घ्या ना. बरोबर, त्याला कापड खपवायचंय. मी १७ मीटर ८२ वर ठाम. त्यानं कापलं, पण माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या दुकानात कोंबडी घेऊन आलेय.

२६ मार्च.
पुस्तकातल्या चुका अकरा. पत्र लिहून यादी प्रकाशकांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली, पोहोचपावतीसकट. पत्राखाली पूर्ण नाव: मिस जोसेफीन, निवृत्त सुपरवायझर.

५ एप्रिल, सोमवार.
गणिताचा पेपर झाला. विमला हसत आली. माझी रीत लिहिलीस ना, विचारलं. पाणी मागितलं तिनं.

१२ जून, शनिवार.
विमला पास. गणितात शंभरपैकी एक्क्याऐंशी! कोर्सला प्रवेश पक्का. पेढे आणले, पाया पडली. शेजारच्या ल्युसीला, वरच्या मजल्यावरच्या मार्कसच्या बायकोला, चर्चच्या कमिटीला, सगळ्यांना सांगितलं: स्टेप बाय स्टेप. संकल्प: पुढच्या वर्षी क्लास काढायचा.

१३ जून, रविवार.
चर्चमध्ये मास झाल्यावर सगळे हॉलमध्ये पडदे बघायला. फादर खूश. सात पडदे झकास. आठव्याला खाली, जमिनीलगत, वेगळ्या कापडाची पट्टी जोडलेली. रंग जवळपास तोच. कापड विमलाच्या जुन्या परकराचं.
तिला बाजूला घेऊन विचारलं, हे काय. ती हळूच म्हणाली, “बाई, तुमी थोडा थोडा सोडलात. ता सगळा मिळान वीतभर झाला.”
मग परीक्षेत कुठली रीत लिहिलीस, विचारलं.
“पदराआडची.”
घरी येऊन १७ मीटर ८२ चं गणित पुन्हा केलं. नंतर इंच न करता केलं. अठरा. मग यादीतल्या अकराही चुका त्याच रीतीनं सोडवून बघितल्या. पुस्तक बरोबर आहे.
प्रकाशकांना पत्र मिळालं नसावं, अशी एक आशा होती. ड्रॉवर उघडून बघितलं. पोहोचपावती एप्रिलमध्येच आलेली आहे. सही सुवाच्य आहे.