गॅस्ट्रिनची मागणी आणि मोसंबीचा ग्लास

काळेवाडी, रविवार

ती. सुमनताईस धाकट्या बुद्धभूषणचा मनापासून जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? पुनावळ्याची लिफ्ट चालू आहे ना? (बंद असेल तर सोसायटीला कडक निवेदन लिहून देतो.) इकडे सगळे मजेत, आणि मी तर अभिमानात आहे. आमच्या युनियनचा जयसिंग उद्या पहिल्या शिफ्टला कामावर जातो आहे.

कँटीनच्या तेलाबद्दल तोंड उघडलं म्हणून कंपनीने त्याला काढलं होतं. त्यासाठी युनियनतर्फे मी चाकणला गेटसमोर उपोषणाला बसलो. पाण्याशिवाय पोटात काही जाणार नाही, असं माइकवरून जाहीर केलं होतं. मग रोज सकाळी अनशापोटी घ्यायची अ‍ॅसिडिटीची गोळी कशी चालेल? कित्येक वर्षांची गोळी त्याच दिवशी बंद केली. (तू नर्स असताना बजावलं होतंस, की ही गोळी वर्षानुवर्षं घेऊ नको, आणि सोडायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू सोड. त्यातला पहिला अर्धा भाग मला पटला.)

मांडवात बसून वाचन केलं. पोटाला आम्ल तयार करायला सांगणारं गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक असतं. गोळीने आम्ल दाबलं की ते गप्प बसत नाही, जास्तच मागणी करतं आणि आम्ल करणाऱ्या पेशी वाढवून ठेवतं. (बी-बारा आणि मॅग्नेशियम अंगी लागणं कमी होऊ शकतं, ते निराळंच.) ताई, मला भरून आलं. मी भाषणात म्हणालो, दाबलेली मागणी वाढते हे माझ्या पोटाला कळतं, मॅनेजमेंटला कळत नाही. टाळ्या पडल्या. आमचे खजिनदार साहेबराव मागून पुटपुटले, "भाऊ, पोटाचं राहू द्या, जयसिंगचं बोला."

दोनेक दिवसांत त्या वाढीव पेशी एकदम कामावर हजर झाल्या. छातीत भट्टी पेटली. चार वाक्यं झाली की ढेकर, आणि माइक तो थेट हायवेपर्यंत पोचवायचा. समोरच्या टपरीवर थंड दूध दिसत होतं. पण मी घोटभर प्यायलो असतो तर जयसिंगची नोकरी गेलीच होती. नाही प्यायलो.

शेवटी मॅनेजर उद्धवराव बाहेर आले, जयसिंगला परत घेतो म्हणाले, आणि रिवाजाप्रमाणे उपोषण सोडवायला माझ्यापुढे मोसंबीचा रस धरला. वरून लिंबू पिळलेलं. माझा हात अडखळला.

"काय राव, अजून एखादी मागणी राहिली का?" ते हळूच म्हणाले, आणि ग्लास मागे घेऊ लागले.

मी तो ओढून एका दमात रिकामा केला. डोळ्यांतून धारा लागल्या. नेता गहिवरला म्हणून गेटवर सगळे रडले, जयसिंगची बायको जाईबाई सगळ्यांत जास्त. त्या रडण्याचा मला आजही अभिमान आहे.

तुझा,
बुद्धभूषण

ता. क. माझं भाषण ऐकून निम्म्या शिफ्टने गोळ्यांच्या पट्ट्या गेटवर फेकल्या. आता सगळी लाइन ढेकर देते आहे. तू ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन युनियनच्या ऑफिसात ये आणि हळूहळू कशी सोडायची ते समजाव. मात्र मी चुकलो असं म्हणू नकोस. ठरावात दुरुस्ती झाली, असं म्हण.

आणखी एक. येताना पिशवीच्या तळाशी माझ्यासाठी एक पट्टी आण. इथल्या मेडिकलवर मला घेता येत नाही. मी दिसलो की दुकानदार उभा राहून टाळ्या वाजवतो.