पायातली काळी-पांढरी दोरी

अत-बाशी, २० एप्रिल १९९९

चि. सागिनबेकला झूराताईचे अ. उ. आ.

आधी बातमी सांगते, मग तुझी चौकशी, कारण पोटात मावत नाहीये. एलामान चालला! इतक्या वर्षांनी झालेलं पोर, त्यात चालायलाही उशीर, म्हणून मी अल्लाला किती विनवलं. परवा चुलीपाशी धरून उभा होता, मांजर दिसलं आणि निघाला की तिच्यामागे. मग धपकन बसला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. तुझे जुमाबेक भाऊजी डोळे पुसायला गोठ्यात गेले आणि वर सांगतात, डोळ्यांत भुसा गेला.

आता मे महिन्यात दोरी कापायची. काळी-पांढरी लोकर मी वळायला घेतलीय. पोराच्या पायात बांधायची दोरी, आणि ती कापणाऱ्याची चाल पोराला लागते, म्हणून मी दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. तूच कापायचीस. चेंडू घेऊन तू पळायला लागलास की समोरचे खांबासारखे उभे राहायचे, ते अजून सगळे बोलतात.

आणि हे काय ऐकतेय मी? ट्रकवाला ओमुर शहरात तुमचा सामना बघून आला. म्हणतो, तुमचा भाऊ कोच झालाय खरा, पण अख्खा वेळ पायांवर घोंगडी घेऊन बाकावर बसतो आणि ओरडायचं काम मदतनिसाला देतो. तब्येत बरी आहे ना? खरं काय ते लिही.

लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर वाढेल.

तुझी,
झूराताई

बिश्केक, २९ एप्रिल

ती. झूराताईस सादर सलाम, वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की आमची पोरं विचारायला लागली, कोचसाहेब, लग्न ठरलं की काय. एलामानचा माझ्या वाटचा पापा घे.

पण दोरी मी कापणार नाही. तू मला पळताना पाहिलंयस ताई, अलीकडे चालताना पाहिलं नाहीस. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झाल्यापासून डावा पाय ओढत चालतो. कापणाऱ्याची चाल पोराला लागते असं तूच लिहितेस आणि सुरी माझ्या हातात देतेस? नवसाच्या पोराला मामानं आहेर म्हणून लंगडणं द्यायचं का?

ओमुर खोटं बोलला नाही. ज्या मैदानात मी गोल केला की माणसं टोप्या उडवायची, तिथेच त्याच माणसांसमोर पाय ओढत रेषेपर्यंत जायचं, नुसत्या विचारानं घाम फुटतो. म्हणून बसून राहतो. खेळणारी पोरं माझ्याकडे बघतात आणि मी घोंगडी सारखी करतो. परवा हरल्यावर क्लबचे अध्यक्ष भडकून म्हणाले, तू कोच आहेस की फुकट्या प्रेक्षक? उन्हाळ्यापर्यंत उठला नाहीस तर दुसरा माणूस बघतो. त्यांचं तरी काय चुकलं?

एखादा धडधाकट पळणारा शोध. मी इथून छोटे बूट पाठवतो. राग मानू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझा,
सागिन

अत-बाशी, ६ मे

चि. सागिनबेकला आशीर्वाद. बाकी मी रागावलेय.

बूट कसले पाठवतोस? त्याचं पाऊल अजून माझ्या तळहातात मावतं. नको लावूस सुरीला हात, जा. वस्तीतली पोरं पळतील, पहिलं येईल ते कापेल, आपली जुनी रीतच आहे ती. पण मामा आल्याशिवाय माझ्या लेकाची दोरी तुटणार नाही, हे नक्की. भाऊजी म्हणतात, मेव्हण्याला कळव, लंगडत ये, रांगत ये, पण ये. मेंढी ठरवून ठेवलीय, तू आला नाहीस तर ती जगेल आणि पाहुणे तुला शिव्या देतील.

डोलोन घाटातलं बर्फ हटलंय. पुढच्या रविवारी ओमुर परत येतोय, त्याच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी अडवली आहे. आलास तरच लोभ.

झूराताई

बिश्केक, २४ मे

ती. ताईस सादर सलाम, वि. वि.

सुखरूप पोचलो. तू पिशवीत इतके बोर्सोक तळून भरलेस की सगळ्या संघानं खाल्ले आणि आता सरावात कुणालाच पळवेना.

खरं सांगू? मी कोपऱ्यात गप्प बसायचं ठरवून आलो होतो. पण तुमच्या वस्तीतली पोरं शर्यतीची तयारी करत होती आणि सगळी मागे वळून बघत पळत होती. राहवलंच नाही मला. त्यांच्यावर ओरडत, पाय ओढत अंगणाच्या किती फेऱ्या मारल्या ते कळलं नाही. एलामान भाऊजींच्या खांद्यावरून टकमक बघत होता. सगळ्यात मागे पडणारी ती शेजारची मीरिम, तिनं माझं ऐकलं, मान वळवली नाही आणि जिंकली. मी स्वतः गोल केल्यासारखा ओरडलो ना?

ऐन वेळी तू सुरी माझ्याच हातात कोंबायला आलीस, म्हणून मी घोड्याआड लपलो. मीरिमनं कचकन कापली, सुटलो बुवा. आता एवढंच कळव, त्याचं पाऊल सरळ पडतं ना? मला घोर लागून राहिलाय.

तुझाच,
सागिन

अत-बाशी, ८ जून

चि. सागिनबेकला अ. उ. आ.

घाबरू नकोस, पत्र शेवटपर्यंत वाच. तू गेलास आणि एलामान लंगडायला लागला. हात पाठीमागे बांधायचे, डावा पाय ओढायचा आणि अंगणाच्या कडेनं येरझारा घालायच्या. भाऊजींनी कुणाची तरी जीप मागून आणली आणि आम्ही त्याला नारिनला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून, दाबून बघितले. म्हणाल्या, पाय छान सरळ आहेत, घरात कुणी असं चालतं का? मी म्हटलं, याचा मामा. बाई हसतच सुटल्या. म्हणाल्या, मग हा मामा होतोय.

तेव्हापासून लक्ष ठेवलंय. कोंबडीमागे पळताना पठ्ठ्या सरळ पळतो. पण कोकरांवर ओरडायचं असलं, मीरिमची टोपी घालून ऐटीत फिरायचं असलं, की लंगडतो. भाऊजी म्हणाले, दोरी कुणीही कापू दे, पोरानं आवडली ती चाल उचलली. सागिन, तू घोंगडीखाली जे लपवतोस, ते माझ्या लेकाला जगातलं सगळ्यात रुबाबदार चालणं वाटतं. काल त्याला बघता बघता मला रडू आलं, आनंदानं.

आम्हा सगळ्यांचा लोभ तुझ्यापाशीच आहे, सांभाळ.

झूराताई

बिश्केक, २१ जून

ती. ताईस सादर सलाम, वि. वि.

काल तुझं पत्र कोटाच्या खिशात ठेवून सामन्याला गेलो. एक गोल आमच्यावर झाला होता. आमचा फॉरवर्ड चुकीच्या जागी उभा राहत होता, मदतनिसाला ते दिसत नव्हतं, आणि मला एकदम एलामान दिसला, हात पाठीमागे बांधलेला. घोंगडी टाकली आणि तसाच पाय ओढत रेषेपर्यंत गेलो.

सगळं मैदान माझ्या पायाकडे बघत होतं, ताई. वाटलं, आता हसतील. तेवढ्यात सूर्यफुलाच्या बिया विकणारी तुर्सुन म्हातारी, माझ्या खेळण्याच्या दिवसांपासून ती तिथेच बसते, ती ओरडली, मेल्या सागिन, इतके दिवस कुठे होतास? मग सगळेच उठून उभे राहिले. मला पुढचं थोडा वेळ नीट दिसलंच नाही.

सामना बरोबरीत सुटला. अध्यक्ष माझी घोंगडी घडी करून स्वतःच्या घरी घेऊन गेले.

माया अशीच असू दे. आणि एलामानला इतक्यात टोकू नकोस, अजून थोडे दिवस लंगडू दे.

तुझा,
सागिन