भिंतीवरची सावरतळी

३ फेब्रुवारी, सोमवार

माझा नकाशा पुसणार! हेडमास्तर दिनकरराव चहा पिता पिता सांगून मोकळे. "भागवत सर, दर्शनी भिंत यंदा अर्पिता मॅडमला देऊ. शिवजयंतीच्या आत रंगवतील त्या." वर तोंडभर हसले.

अकरा वर्षं त्या भिंतीवर माझा परभणी जिल्हा आहे. दोरीला नीळ लावून एकेक चौकट आखली होती. नऊ तालुके, नऊ रंग, गंगाखेडजवळचं गोदावरीचं वळणसुद्धा चुकलेलं नाही. आणि ही बाई शाळेत येऊन सहा महिने झाले नाहीत!

काय काढणार म्हणे? मनातले नकाशे. पोरांनी कल्पनेनं केलेले देश. भूगोल आहे की भातुकली?

५ फेब्रुवारी, बुधवार

सातवीच्या वर्गाबाहेरून गेलो. सहज. बरं, सहज नाही, मुद्दाम.

अर्पिता सांगत होती — युरोपात एक गाव आहे, तिथं दोन देशांची हद्द घराघरांतून जाते. दार ज्या देशात उघडतं, घर त्या देशाचं. एक पोरगं ओरडलं, "मॅडम, मंग दार हलवलं की देश बदलला?" सगळा वर्ग हसला. तीही हसली.

हीच गोष्ट मी पाच वर्षांपूर्वी ह्याच वर्गात सांगितली होती. मागचा बाक झोपला होता. पुढचाही.

जळतंय. लिहून टाकतो, इथं कोण बघायलंय!

८ फेब्रुवारी, शनिवार

भिंत पांढरी झाली. जिंतूर सगळ्यात शेवटी गेलं. डबा तसाच परत आणला. बायको म्हणाली, "नकाशाच गेला ना? जिल्हा हाय की जागेवर." हिला काय सांगावं!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सहा चौकटींत सहा नकाशे. एका पोरीनं म्हशीचा देश काढलाय. म्हैस बसेल तिथवर हद्द, म्हैस उठली की हद्द उठली. एकानं आजीच्या टाचेच्या भेगांच्या नद्या केल्यात.

चांगलं आहे. हे मी मेलो तरी कुणाला म्हणणार नाही. मला का नाही सुचलं? बावीस वर्षं पोरांकडून महाराष्ट्र गिरवून घेतला. तुझ्या डोक्यात कोणता देश आहे, असं एकालाही विचारलं नाही.

दिनकरराव तासातासाला येऊन कौतुक करतात. खिचडी शिजवणाऱ्या मालनबाईसुद्धा पळी हातात घेऊन भिंतीपुढं उभ्या! माझ्या नकाशाकडं त्यांनी कधी मान वळवली नव्हती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं!

सहावी चौकट अर्पितानं स्वतः काढलीय. आपलं गाव, शेजारची दोन गावं, मधला ओढा — सगळं खरं. आणि ओढ्याच्या काठी एक गाव घुसडलंय. सावरतळी! बारकी बारकी घरं, पार, शेंदरी मारुती. असलं गाव कुठंय? कपाटातला छापील नकाशा काढला, भिंग लावून बघितला. नाहीच.

सगळ्यांसमोर विचारलं. म्हणाली, "आहे सर ते गाव. एकीनं सांगितलंय मला."

एकीनं! "नकाशात दाखवा," म्हणालो. तिला दाखवता येईना. चेहरा एवढासा झाला. मला लय बरं वाटलं.

म्हशीचा देश खोटा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण खऱ्या गावांत खोटं गाव? शिवजयंतीला तिन्ही गावची माणसं येणार, त्यांची शिवेवरून आधीच धुसफूस. दिनकररावांच्या कानावर एवढंच घातलं. माणूस घाबरट. "पुसून टाका सर तुमीच. मॅडम सोमवार-मंगळवार ट्रेनिंगला हायेत."

१७ फेब्रुवारी, सोमवार

पुसलं. तेवढं एकच गाव. मारुतीपाशी ब्रश जरा अडखळला, पण फिरवला. रात्री दोन भाकरी जास्त गेल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मतदार यादीच्या कामाला तलाठ्याकडं गेलो. टेबलावर गावांची यादी पडलेली. चाळा म्हणून बोट फिरवत होतो.

सावरतळी. पुढं शेरा — बेचिराग.

म्हणजे कागदावर गाव आहे, त्याला शीव आहे, दिवा लावायला माणूस नाही. तलाठी म्हणाला, "बहात्तरच्या दुष्काळात उठलं ते. समदी शेतं झाली आता. वस्ती नसली की छापील नकाशात नाव येत न्हाई सर." मला हे माहीत असणार, असंच धरून बोलत होता.

भिंतीवर सहा नकाशे, आणि मी खोटं म्हणून नेमकं खरं गाव पुसलं.

कुणाला सांगितलं नाही. का सांगू? भिंत तिची, पोरं तिची, कौतुक तिचं. बरोबर असणं तेवढं माझं होतं, तेही तिलाच देऊ? उद्या ती येईल. बघू.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

पांढऱ्यातून शेंदूर दिसायला लागला होता. कार्यक्रमाआधी लवकर जाऊन दुसरा हात मारला. ब्रश हातातच होता, तेवढ्यात मालनबाई आल्या. मागं नवी सून, मेंदी अजून लालभडक. लग्नानंतर सुनेनं गावच्या मारुतीच्या पाया पडायचं असतं, आणि मालनबाईंचं घराणं मूळचं सावरतळीचं, तिथला मारुती कुणाच्या तरी वावरात बुजलेला. अर्पितानं तो भिंतीवर काढला होता, ह्यांनीच सांगितलं म्हणून.

"मावशी..." म्हणालो. ब्रश पाठीमागं धरला.

मालनबाई भिंतीकडं बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "वरून रंग दिलाय, पर गाव खाली हाय की. पड पाया."

पोरीनं वाकून कपाळ टेकवलं. उठली तेव्हा तिचं कुंकू भिंतीला होतं, आणि कपाळ पांढरं. मालनबाईंनी ते पदरानं पुसलं. माझ्याकडं बघितलं नाही.