बोटिल्डबाई ‘मी’ म्हणत नाहीत

३ सप्टेंबर १८९१
पोहोचले एकदाची! समुद्रावरून असा वारा की टोपी दोनदा उडाली. दुसऱ्यांदा ती थ्योगर नावाच्या म्हाताऱ्या माळ्याने कोबीच्या वाफ्यातून शोधून आणली. स्वयंपाकीण बोटिल्डबाईंनी राय धान्याचा काळा पाव, खारवलेला हेरिंग मासा आणि सफरचंदाचं गरम सार वाढलं. शाळेतली नोकरी सुटल्यापासून इतकं पोटभर जेवले नव्हते.

मी, आबेलोने क्राग, कादंबरीकार ल्यूट्केन यांची लेखनिक! धाकट्या मालेनेला खरंच वाटणार नाही. होडीवाल्याची विधवा आपली कहाणी सांगते, ती त्यांची कादंबरी आम्ही बहिणींनी आळीपाळीने मोठ्याने वाचली होती. हा पुरुष एका बाईच्या तोंडून इतकं खरं कसं बोलतो, याचं तेव्हाही नवल वाटलं होतं.

५ सप्टेंबर
काम जरा चमत्कारिक आहे. मी रोजनिशी लिहायची आणि चार वाजता ती त्यांना वाचायला द्यायची. नव्या कादंबरीत गोष्ट सांगणारी एक मास्तरीण आहे. ल्यूट्केन म्हणाले की घटना कुणीही रचतो, पण सांगणाऱ्याचा ‘मी’ रचता येत नाही, तो कुठून तरी आणावा लागतो. फार आवडलं मला ते.

आज बाबांबद्दल लिहिलं. गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ फुटून ते बुडाले, तेव्हा मी काठावर माशांची टोपली धरून उभी होते.

९ सप्टेंबर
त्यांनी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. टोपलीतला एक मासा अजून तडफडत होता, असं त्यात आहे. मी हे लिहिलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. पण ते खरं आहे.

एक गंमत. बोटिल्डबाई ‘मी’ म्हणत नाहीत. “ती जरा भांडी घासून येते,” असं स्वतःबद्दलच बोलतात. थ्योगरही तसाच, “आज त्याचा गुडघा धरलाय.” इकडची बोली असेल.

१४ सप्टेंबर
बाबा आठवेनात. काठ दिसतो, टोपली धरलेली एक मुलगी दिसते, पण पाठमोरी. तिचे हात गारठलेत की नाही, मला कळत नाही.

बोटिल्डबाईंना सहज विचारलं की त्यांचे यजमान काय करायचे. म्हणाल्या, होडी चालवायचे. माझ्या हातातली बशी निसटली. ती विधवेची कादंबरी तुमची का, म्हणून विचारलं.

“तिची होती,” बाई म्हणाल्या. “आता त्यांची. पोरी, तुझ्याजवळ आहे तोवर नीघ इथून.”

काय जवळ आहे, ते मात्र त्यांना सांगता येईना. नुसते ओठ हलत राहिले.

१६ सप्टेंबर
आजचं पान कोरंच ठेवून वही दिली. ल्यूट्केन रागावले नाहीत. म्हणाले, आबेलोनेबाई, हरकत नाही, बरंचसं आलंय, थोडंच राहिलंय. मग मास्तरणीच्या आवाजात दोन पानं वाचली. तो माझा आवाज होता. मी ऐकत होते आणि माझ्या घशात — काही उरलं नव्हतं.

१७ सप्टेंबर
पळाली. नाही — पळा — पळाली. हात दुसरं लिहीतच नाही.

स्टेशनात तिकीटबाबूने विचारलं, कुणाला जायचंय?

“तिला.”

“मग ती कुठाय?”

तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तो हसला. “बाई, थट्टा पुरे. ती आली की दोघी या.” मागची माणसंही हसली. गाडी गेली. बाहेर थ्योगर घोडा जुंपून उभा होता. तिच्याकडे बघून रडत होता.

१९ सप्टेंबर
मालेनेला पत्र. सात कागद फाडले. सगळ्यांत ती — ती — ती. शेवटी दोनच शब्द. ताबडतोब ये.

२२ सप्टेंबर
मालेने आली. तिने ही वही मालेनेच्या हातात कोंबली. मालेनेने सगळी वाचली, इथवर. डोळे पुसले.

“ताई, काय लिहिलंयस गं! काटा आला अंगावर. ल्यूट्केन म्हणाले खाली, तू त्यांच्यासाठी रोजनिशीतली गोष्ट लिहितेयस. पण बाबांना कशाला घातलंस त्यात? आणि त्या बिचारीचं पुढं काय होतं?”

तिने नकारार्थी मान हलवली. मालेनेचे खांदे धरून हलवले. मालेने म्हणाली, किती थकलीयस तू. तुला बरं वाटेपर्यंत मी राहते इथंच.

नको —

ल्यूट्केन दारात. त्यांनी विचारलं, तुम्हीही लिहिता का? मालेने लाजली. “ताईसारखं कुठलं! पण अक्षर तिच्याहून बरंय हं माझं.”

त्यांनी टेबलावर नवी वही ठेवली. मालेने समोर बसलीय. टाक बुडवला. ती इथून ओरडते आहे — आवाज नाही — मालेने हसतेय, म्हणते, थांब गं ताई, आज काय झालं तेवढं लिहू दे —

मालेनेने पहिला शब्द लिहिला: मी. ओला आहे अजून. दौत उलटली तर — ती उठते आहे — हात पोचतो, दौतीपर्यंत पोच