पडल्यावर बरं वाटणारं दुखणं

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

वाफेची इस्त्री बघायला म्हणून माझा नवरा घेऊन गेलास. ती काय पाताळातून आणताय का दोघं? पंधरा दिवस झाले, दुकानात गिऱ्हाइकं माझं डोकं खातात.

तुझ्या भावजींची सोंगं मला पाठ आहेत. इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहिले की घेरी, स्टुलावर बसले तरी धाप. गाठोड्यांवर आडवे झाले की गडी खणखणीत! कपड्यांच्या चिठ्ठ्यासुद्धा पडून लिहितात, ओळ छपराकडे चढत जाते. अरे, धाप लागलेला माणूस उठून बसतो, आडवा होत नाही. तुमचं काय शिजतंय ते कळव.

ताईचे आशीर्वाद, रागासकट.

८ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

इस्त्रीचं निमित्त होतं. भावजींना इथल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात गाठ आहे, देठाला लोंबणारी. बसलं, उभं राहिलं की ती खाली झडपेच्या तोंडात येते आणि रक्त अडतं. आडवं झालं की बाजूला सरते. सोंग नव्हतं गं. कॅन्सर वाटत नाही म्हणाले, पण गाठ काढावीच लागेल, झडप बिघडली असेल तर तीही दुरुस्त करतील. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. तुला कळवू नको असं त्यांनीच बजावलं होतं.

काळजी करू नकोस. काल माझ्याशी तासन्‌तास पत्ते खेळत बसले होते, खूप हसले.

लोभ असू दे, राग थोडा आवर.

तुझा धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

गाठ समजली. धुण्याच्या मशीनच्या नळीत चिंधी अडकली की पाणी तुंबतं, तसंच ना? पण पत्ते खेळत बसले? बसून? इथे ताटावर चार घासांपुरतंही बसवत नव्हतं त्यांना! म्हणजे एक तर पत्ते खोटे, नाही तर गाठ आधीच काढलीत आणि पुढचं लपवतोयस. झडपेचं काय झालं? शुद्धीवर आहेत ना? लहानपणापासून तू थाप मारलीस की शेवटी कुणाला तरी हसवतोस.

शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. त्याआधी, गुरुवारच्या टपालाने, मला त्यांच्या हातची एक ओळ हवी. चढती आली तर गाठ अजून आत आहे असं समजेन. सरळ आली तर बसून लिहिली, गाठ निघाली म्हणेन. आणि पाकिटात तुझंच अक्षर निघालं, तर पुढचं न वाचता, शुक्रवारची वाट न बघता, मिळेल त्या गाडीत बसेन.

लोभाचं, उत्तर आल्यावर बघू.

ताई